मामांचा रोव्हर्स कप

फुटबॉल माझ्या पायाला आयुष्यात एकदाच लागला, आणि तोही मी सायकलवर होतो तेव्हा. जठारपेठेच्या चौकातून दळण घेऊन येत होतो. पोरं रस्त्यात खेळत होती, बॉल पुढच्या चाकात शिरला आणि मी, सायकल व पाच किलो ज्वारीचं पीठ असे आम्ही तिघे तीन दिशांना गेलो. पोरांनी ‘गोल!’ म्हणून कल्ला केला. घरी गेल्यावर सौभाग्यवतीनं जे केलं त्याला फुटबॉलच्या भाषेत काय म्हणतात मला ठाऊक नाही. पण एवढं सगळं असूनही कोणत्या इंग्रजी पलटणीनं कोणत्या साली कोणता कप नेला, हे मला झोपेतून उठवून विचारा. सांगतो. याला कारण माझे मामा.

मामा १९९४ साली मुंबईच्या एका सरकारी कचेरीतून रिटायर होऊन जठारपेठेत परत आले. येताना त्यांनी एक लोखंडी कपाट, एक देव्हारा आणि रोव्हर्स कप एवढं सामान आणलं. पैकी कपाट आणि देव्हारा मालगाडीनं आले, रोव्हर्स कप तोंडात आला. रोज संध्याकाळी पानठेल्याजवळच्या कट्ट्यावर बसून मामा तो कप बाहेर काढत, पुसत आणि पुन्हा आत ठेवत. सचिन तेंडुलकरनं शारजात काही का करेना, मामांचा एकच ठेका.

‘‘अबे, क्रिकेट म्हंजे काय? पाच पाच दिवस चालते अन् निकाल नाई. आमच्या कचेरीवानी! फुटबॉल पाहा. दीड तासात मामला खतम.’’

मामांचं म्हणणं असं, की रोव्हर्स कप हा कप नव्हे, इतिहास आहे. आणि यात तथ्य होतं. मुंबईतल्या फुटबॉलवेड्या इंग्रजांनी ही स्पर्धा काढली आणि पहिला कप १८९१ साली वूस्टरशायर रेजिमेंटनं जिंकला. (हे ‘वूस्टरशायर’ मामा तोंडातला विडा डाव्या गालातून उजव्या गालात नेताना म्हणत. तसं केल्याशिवाय ते म्हणता येत नाही. मी करून पाहिलंय.) व्हिक्टोरिया राणी तेव्हा गादीवर होती. त्याआधी तीन वर्षं, म्हणजे १८८८ साली, सिमल्याला ड्युरँड कप सुरू झाला. हा ड्युरँड म्हणजे तोच, ज्यानं पुढं १८९३ साली अफगाणिस्तानच्या सरहद्दीवर रेघ मारली. रेघेवरून अजून भांडणं चालू आहेत, कप मात्र सुखानं चालू आहे. १८९३लाच कलकत्त्याला आयएफए शील्ड निघाली. म्हणजे सहा वर्षांत साहेबानं तीन ठिकाणी तीन कप मांडले आणि बरीच वर्षं ते आपल्याच पलटणींना वाटून घेतले. आमच्या बँकेच्या स्नेहसंमेलनातली बक्षिसं जशी व्यवस्थापक मंडळींच्या चिरंजिवांना मिळतात, तसंच.

‘‘पन १९११ले?’’ मामा विचारत. कट्टा एका सुरात म्हणे, ‘‘मोहन बागान!’’ शील्डच्या फायनलला अनवाणी बंगाली पोरांनी ईस्ट यॉर्कशायरच्या बूटवाल्यांना २-१ असं हरवलं, ही गोष्ट जठारपेठेतल्या पानवाल्यालाही पाठ होती. आमचा रोव्हर्स मात्र चिवट. १९२३ साली मोहन बागान इथंही फायनलला पोचलं, पण डरहॅमच्या पलटणीनं ४-१ असं परत पाठवलं. देशी टीमच्या हाती कप लागला तो १९३७ साली, बंगलोर मुस्लिम्सच्या.

पण ही सगळी प्रस्तावना. मामांचं खरं आख्यान सुरू व्हायचं ते १९५०पासून. त्या साली हैद्राबाद सिटी पोलिसांनी रोव्हर्स जिंकला, ’५१ला जिंकला, ’५२ला जिंकला आणि असा सलग पाच वर्षं, ’५४पर्यंत, जिंकतच राहिले. त्यांचे गुरू सय्यद अब्दुल रहीम. मुळात शाळामास्तर. पुढं त्यांनीच भारताची टीम १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकला चौथ्या नंबरावर नेली आणि १९६२ साली जाकार्ताहून एशियाडचं सोनं आणलं. मामांची हैद्राबादवर भक्ती होती. ‘‘वऱ्हाड कोनाचं? निजामाचं. हैद्राबाद कोनाचं? निजामाचं. मंग टीम कोनाची?’’ आमच्या चार पिढ्यांत निजामाची एवढी आठवण दुसऱ्या कोणी काढली नसेल.

या पाचही फायनल मामांनी कूपरेजच्या मैदानावर स्वतः पाहिलेल्या. १९५२च्या वेळी तर पुढच्याच रांगेत दिलीपकुमार होता, आणि हाफटाइमला त्यानं मागे वळून मामांना विचारलं होतं, ‘‘क्या लगता है?’’ मामा काय म्हणाले ते दर वेळी बदलायचं. दिलीपकुमारचा प्रश्न मात्र कायम तोच.

आता इथं माझ्या स्वभावाबद्दल सांगायला हवं. मी बी.कॉम. आहे, हा माझा दोष नाही, वडिलांची इच्छा होती. पण बँकेत लागल्यापासून जगातली कोणतीही गोष्ट ऐकली की माझा हात आपोआप व्हाउचर शोधतो. सत्यनारायणाच्या कथेतल्या साधुवाण्याची नौका बुडते तेव्हा माझ्या मनात येतं, विमा होता का? लग्नाच्या पंगतीत मी जिलब्या मोजतो. खाण्यासाठी नव्हे, टॅलीसाठी.

तर १९९९ साली मामांच्या पेन्शनच्या कागदात काही घोळ झाला आणि फाइल माझ्याकडे आली. चाळता चाळता एके ठिकाणी डोळा थबकला. ‘सेवेत रुजू : जून १९५६.’ त्याच्याखाली मॅट्रिकचा दाखला, गाव अकोला. जन्मसाल १९३६. म्हणजे १९५० साली मामा चौदा वर्षांचे होते आणि जठारपेठेत होते. कॅशबुकात न जुळणारी चाळीस पैशांची एंट्री रात्री साडेआठला सापडावी आणि कारकुनाला जो ब्रह्मानंद व्हावा, तो मला झाला.

तो मी खिशात ठेवायला हवा होता. ठेवला नाही.

त्याच संध्याकाळी कट्ट्यावर मामा ’५२च्या फायनलमध्ये शिरले. हाफटाइम झाला. दिलीपकुमारनं मान वळवायला घेतली, आणि मी म्हणालो, ‘‘पण मामा, तुम्ही तर मुंबईले गेले ’५६ले. तुमच्या कागदावर हाये.’’

कट्टा आधी गप्प झाला आणि मग फुटला. पानवाला तर चुन्याची काडी हातात धरून हसत होता. एक वकील होते, ते म्हणाले, ‘‘साक्षीदार फुटला!’’ मामा हसले नाहीत, चिडलेही नाहीत. विडा चावायचे थांबले आणि एवढंच म्हणाले, ‘‘असन.’’

दुसऱ्या दिवशी मामा कट्ट्यावर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले, पण टमाट्याच्या भावावर बोलले. टमाट्यावर! मग तेही बंद झालं. दिवाळीला मी त्यांच्या घरी गेलो. आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. इकडच्या बाहेरच्या लोकांना हे ऐकून गंमत वाटते, पण वऱ्हाडातली ती रीतच आहे. मी पाटावर बसलो. मामांनी गुडघे धरत, वाकून, माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मी तेव्हा तेविशीत असेन. त्यांचं टक्कल माझ्या मोज्याला टेकलं तेव्हा वाटलं, ही फाइल माझ्या टेबलावर न येता हरवली असती तर काय बिघडलं असतं? सरकारी फायली एरवी काय कमी हरवतात?

मामा बाहेर गेल्यावर मामीनं कपाटातून एक लांबोडकी वही काढली आणि माझ्या मांडीवर टाकली. आत कात्रणं. खळीनं चिकटवलेली, पिवळी पडलेली, काहींना झुरळांनी कडेनं खाल्लेलं. १९५०, ’५१, ’५२... कोणी कोणाला पास दिला ते शाईनं बाण काढून दाखवलेलं.

‘‘वाचनालयातले पेपर कापते म्हनून त्यायले तिथून हाकललं होतं,’’ मामी म्हणाली. ‘‘नागपूरले चांगली नोकरी चालून आल्ती. मुंबईची काऊन धरली, वाटते तुले?’’

आणि मुंबईत पोचले १९५६ साली. पाचांची माळ ’५४लाच संपलेली. सामने दुपारचे, कचेरीतला साहेब सोडायचा नाही. अडतीस वर्षांत त्यांनी कूपरेजवर किती सामने पाहिले हे मी मामीला विचारलं नाही. माझ्याच्यानं विचारवलं नाही.

पुढच्या वर्षी, २०००-०१च्या हंगामात, आमच्या बँकेनं आम्हांला संगणक शिकायला सहा आठवडे मुंबईला धाडलं. मी मनाशी ठरवलं, रोव्हर्सचा एक सामना बघायचा आणि मामांना तपशीलवार सांगायचा. अभ्यास म्हणून पुस्तकं वाचली. त्यात विलायतेतल्या मूळ कपाची हकिगत सापडली आणि मी ती हिशेबतपासनिसाच्या नजरेनं वाचली. इंग्लंडचा हा एफए कप, १८७१ साली अल्कॉक नावाच्या गृहस्थांनी काढलेला. कपाची किंमत वीस पौंड. नावं दिली पंधराच क्लबांनी. त्यातला ग्लासगोचा क्वीन्स पार्क क्लब एकही सामना न खेळता उपांत्य फेरीत पोचला, पुढं चाल मिळत गेली म्हणून. तिथं बरोबरी झाली. सामना पुन्हा खेळायचा, तर लंडनला परत यायला भाड्याचे पैसे नाहीत, म्हणून बाहेर! आडव्या दांडीऐवजी फीत बांधलेली. आणि १८७२च्या फायनलचा एकुलता एक गोल ज्यानं मारला तो बेट्स नावाचा मनुष्य ‘ए. एच. चेकर’ असं खोटं नाव घेऊन खेळला. म्हणजे जगातल्या सगळ्या कपांचा जो आजा, त्याच्या पहिल्या फायनलचा गोल बेनामी! पुढं १८९५ साली तो कपच बर्मिंगहॅमच्या एका दुकानातून चोरीला गेला आणि ज्यांच्या ताब्यात होता त्या ॲस्टन व्हिला क्लबाला पंचवीस पौंड दंड झाला. वीस पौंडाच्या मालाला पंचवीस पौंड वसुली. आमच्या बँकेलाही अजून हे जमलेलं नाही.

हे वाचून मला फार बरं वाटलं. जिथं मूळ खात्यातच खोटी सही, तिथं जठारपेठेतल्या एका माणसाच्या पाच एंट्र्या मी लाल शाईनं अधोरेखित केल्या होत्या.

सामन्याच्या दिवशी वर्गात संगणकावरची ट्रायल बॅलन्स जुळेना. हातानं दहा मिनिटांत जुळली असती, पण यंत्राला घाई नव्हती. शिकवणाऱ्यांनी कोणाला सोडलं नाही. सुटलो, धावत कूपरेजला गेलो. लोक बाहेर पडत होते. दाराशी शेंगदाणेवाला टोपली आवरत होता. मी विचारलं, ‘‘मॅच?’’ तो म्हणाला, ‘‘खतम.’’ त्याच्याकडून एक पुडी घेतली आणि मैदानाच्या कुंपणाबाहेरून चालत चालत, थांबत थांबत एक फेरी मारली. आत एक माणूस कोपऱ्यातला झेंडा उपटत होता. मी पाहिलेला रोव्हर्स कप एवढा. आणि पुढं कळलं, की तो हंगाम शेवटचा होता. एकशे दहा वर्षांनी स्पर्धा बंद पडली.

अकोल्याला उतरलो तो थेट मामांकडे. मामा ओट्यावर पेपर वाचत होते. खेळाचं पान दुमडलेलं.

‘‘मामा, रोव्हर्स पाहून आलो.’’

मामांनी चष्मा काढला. ‘‘खरंच पायली का बे?’’

‘‘मंग!’’ मी म्हणालो आणि सुरू झालो. आयुष्यात पहिल्यांदा मी व्हाउचर नसलेली एंट्री केली आणि मग सुटलोच. मोहन बागानचा सेंटर फॉरवर्ड कसा घुसला, गोली कसा आडवा पडला, बॉल खांबाला लागून कसा आत गेला. मी हातवारे करत होतो, एकदा तर मामांच्या तांब्याला लाथ बसली. मामा मधेच म्हणाले, ‘‘कोन्या खांबाले?’’

‘‘डाव्या.’’

‘‘समुद्राकडच्या का स्टेशनाकडच्या गोलाले?’’

मी अडकलो. कुंपणाबाहेरून फेरी मारणाऱ्याला आतल्या दिशा काय कळणार? मामा माझ्याकडे पाहत राहिले. मग वाकून तांब्या सरळ केला.

‘‘समुद्राकडच्याच असन,’’ ते म्हणाले. ‘‘संध्याकाळचं ऊन तिकून येते, गोलीच्या डोयात जाते. मंग? पुढं सांग.’’

दुसऱ्या दिवशी कट्ट्याच्या बाजूनं जात होतो. मामा मधोमध बसले होते, विडा उजव्या गालात. ‘‘माह्या भाच्यानं सोता पायली,’’ ते सांगत होते, ‘‘एक गोल नाई, तीन!’’ वकीलसाहेबांनी मला हाक मारली आणि चष्म्यावरून पाहिलं. मामांनीही पाहिलं.

‘‘तीनच होते ना बे?’’

‘‘तीनच,’’ मी म्हणालो. ‘‘एक तर ऑफसाइड दिला, नाहीतर चार.’’