गोठ्यातली चित्रं

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. डोळे आणि गुडघे आलटूनपालटून संपावर होते. असो.

गेल्या महिन्यात पुतण्याकडे कार्य होतं म्हणून कुडाळला गेले. दुसऱ्या दिवशी दुपार मोकळी होती. पुतण्या म्हणाला, "काकू, पिंगुळीला चला, गोठा दाखवतो." म्हटलं, माझं बालपण गोठ्याशेजारीच गेलं, आता आणखी कसला गोठा? पण गेले.

पिंगुळी कुडाळला लागूनच आहे. तिथल्या परशुराम गंगावणे यांनी २००६ मध्ये आपल्या घरच्या गोठ्यात चित्रकथी आणि बाहुल्यांचं छोटंसं संग्रहालय सुरू केलं, 'ठाकर आदिवासी कला आंगण'. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा पेपरात वाचलं होतं. वाचलं आणि विसरले.

जागा ती केवढीशी! भिंतीवर राम, सीता, रावण, सगळे बाजूने काढलेले, मोठाल्या डोळ्यांचे. वर कळसूत्री बाहुल्या टांगलेल्या. एकीकडे चामड्याच्या बाहुल्या, दिव्यापुढे धरून पडद्यावर सावल्या पाडायच्या. ही ठाकर समाजाची कला. सावंतवाडी संस्थानचा तिला आश्रय होता. एका कथेच्या चित्रांच्या संचाला 'पोथी' म्हणतात. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. एक प्रसंग गाऊन झाला की चित्र उलटायचं, पुढचा प्रसंग हजर!

दाखवणाऱ्या तरुणाने विचारलं, "बाई, थोडी कथा ऐकतलात?" मी बाई आहे हे त्याला कसं कळलं कोण जाणे. मास्तरकी चेहऱ्यावर राहत असावी. त्याने चित्र उभं धरलं आणि गायला लागला. मला मात्र दुसराच मुलगा दिसायला लागला.

नोकरीची पहिली वर्षं. माझ्या वर्गात ठाकरांचा एक मुलगा होता. देवळातले उत्सव आले की वडिलांबरोबर जायचा, आठ-आठ दिवस शाळेत नाही. एकदा परत आला तेव्हा मी भर वर्गात म्हटलं, "चित्रं दाखवून पोट भरणार आहेस का?" वर्ग हसला. तो नाही हसला. पुढच्या वर्षी तो शाळेत आलाच नाही. माझ्यामुळेच, असं नाही म्हणता येणार. घरची गरिबी होतीच. पण ते वाक्य माझंच होतं.

त्याच वर्षी मी रामायणातला धडा शिकवत होते आणि मुलं जांभया देत होती. रामायण अख्खं पाठ असलेला मुलगा शेवटच्या बाकावर बसला होता. त्याला एकदा पुढे बोलवावं असं बीएच्या पदवीला सुचलं नाही.

कथा संपल्यावर त्या तरुणाला हे सगळं सांगावंसं वाटलं. धीर झाला नाही. नुसतं "छान गाता हो" म्हटलं आणि एक लहानसं चित्र विकत घेतलं. आता ते माझ्या टेबलासमोर आहे. नातवाने विचारलं, "आजी, हे कोण?" तेव्हा त्याला कथा सांगितली. त्या मुलाचीसुद्धा.

कुडाळकडे गेलात तर पिंगुळीला जरूर जा. आणि जमलं तर बसून एक कथा ऐका, नुसते फोटो काढून येऊ नका.