खापर नसबंदीवर, दुखणे मात्र वयाचे

आपल्या वस्त्यांत बायकांच्या दुखण्यांविषयी आता थोडेफार बोलले जाऊ लागले आहे. आशाताई घरी येते, नर्सबाई येतात, रक्त कमी असण्यापासून पिशवीच्या दुखण्यापर्यंत सगळे विचारले जाते. परंतु घरातल्या म्हाताऱ्या पुरुषाला लघवीचा त्रास असेल, तर तो बायकोलाही सांगत नाही. मुलाला तर नाहीच. सुनेसमोर असा विषय निघणे म्हणजे मेल्याहून मेल्यासारखे. यामागे नुसती लाज असते असे नाही, काही पक्के समजही असतात. असाच एक समज आमच्या घरी चाळीस वर्षांहून अधिक काळ मुक्कामाला होता. त्याने माझ्या वडिलांचा जीव जवळजवळ घेतलाच होता, म्हणून हे लिहीत आहे.

आम्ही माण तालुक्यातले. मी एका खेड्यात अंगणवाडी सेविका आहे. वडिलांना आम्ही आबा म्हणतो. आबांचे सारे आयुष्य दुसऱ्याच्या औतामागे गेले. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी खडी फोडली, नंतर पुन्हा सालाने राहिले. खिलार बैल ही आमच्या माणदेशाची ओळख. खरसुंडीच्या यात्रेत बैल घ्यायचा असला की मालक लोक पारख करायला आबांना बरोबर नेत. स्वतःच्या दावणीला बैल नव्हता, पण बैलाची नस न् नस त्यांना ठाऊक.

१९७६ साल आले. आणीबाणीचे दिवस. त्या वर्षी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयकही मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने तो कायदा कधी लागू झाला नाही. परंतु धाक घालायला कायदा लागतो कुठे? ज्याचे पोट दुसऱ्याच्या हातात, त्याला नुसते डोळे वटारले तरी पुरे होते. आबा तेव्हा तिशीचे होते, पदरी तीन लेकरे होती. त्यांना कॅम्पात नेले आणि ऑपरेशन झाले. राजीखुशीने ते गेले नव्हते, हे आईने आम्हांला पुष्कळ वर्षांनी सांगितले.

आबांनी जन्मभर खोंड खच्ची करताना पाहिले होते. खच्ची केले की खोंडाचा माज उतरतो, तो मुकाट जू घेतो. आपल्यालाही सरकारने तसेच केले, हे त्यांनी मनाशी धरले. पुढे अंगात कणकण आली, कंबर धरली, काम उरकले नाही, की त्यांचे एकच उत्तर ठरलेले असे, “तवाच कापलं की आमास्नी. आता काय ऱ्हायलंय?”

साठी ओलांडल्यावर त्यांना लघवीचा त्रास सुरू झाला. रात्री एकदा उठायचे ते चार-पाचदा उठू लागले. धार बारीक झाली. सुरू व्हायला वेळ लागे, मध्येच थांबे, शेवटी थेंब थेंब. जाऊन आले तरी मोकळे वाटत नसे. पौर्णिमेला विहारात तासभर बसवेना, म्हणून त्यांनी जाणेच सोडले. एसटीने प्रवास करायचे सोडले. आईला रात्रीची कडी वाजलेली ऐकू येई. तिने विचारले तर म्हणाले, “तू गप पड. कुणाला सांगायचं हे?” आणि त्यावर उपाय म्हणून त्यांनी पाणी पिणेच कमी केले. आमच्या माणात पाणी कमी पिण्याची सवय दुष्काळाने आधीच लावलेली असते. त्यामुळे घरात कोणाला ते वेगळे वाटलेही नाही.

२०१९ च्या उन्हाळ्यात तालुक्यात जनावरांच्या छावण्या पडल्या होत्या. आबा मालकाची जनावरे घेऊन छावणीवर राहिले होते. धुळीने सर्दी झाली म्हणून दुकानातून सर्दीची गोळी आणून दोन दिवस घेतली. तिसऱ्या रात्री लघवी साफ बंद झाली. ओटीपोट दगडासारखे झाले, माणूस गुरासारखा ओरडू लागला. शेजारच्या पोराने जीप काढली, मी आणि भाऊ निघालो. दवाखान्यात नळी घातली आणि जवळजवळ एक लिटर लघवी निघाली. आबांना घाम फुटला आणि ते लहान मुलासारखे झोपी गेले.

सकाळी डॉक्टरांनी विचारपूस केली. आबा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, “डॉक्टरसाहेब, त्या आप्रेशनानं झालंय हे. शात्तर सालच्या.”

डॉक्टर हसले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, “आबा, तुम्ही बैलवाले ना? मग मला सांगा, वळूचं वशिंड मोठं का खच्ची केलेल्या बैलाचं?”

“वळूचं.”

“आणि बोकडाचा वास खच्ची केल्यावर राहतो?”

“न्हाई ऱ्हात.”

“का राहत नाही? कारण वृषणातून एक रस रक्तात मिसळतो. त्यानं वशिंड वाढतं, आवाज घोगरा होतो, माज येतो. खच्ची केलं की तो रसच बंद. नसबंदीत तसं काही करत नाहीत. बी वाहून नेणारी बारीक नळी तेवढी कापून बांधतात. वृषण जागच्या जागी, रक्ताच्या शिरा जागच्या जागी. तुमच्या मिशा झडल्या का? आवाज बारीक झाला का?”

आबा पुष्कळ वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मंजी मी बैल न्हाई?”

ते ऐकून मला खोलीबाहेर जावे लागले. चाळीसपेक्षा जास्त वर्षे हा माणूस मनात काय घेऊन जगला, ते मला त्या एका वाक्यात कळले.

डॉक्टर ज्याला रस म्हणाले, त्यालाच हार्मोन म्हणतात. पुरुषाच्या या हार्मोनचे नाव टेस्टोस्टेरॉन. पुढे मी याविषयी मिळेल ते वाचले, ते साध्या शब्दांत सांगते.

प्रोस्टेट ही फक्त पुरुषांत असणारी ग्रंथी. ती मूत्राशयाच्या तोंडाशी असते आणि लघवीची नळी तिच्या मधून जाते. तरुणपणी ती आक्रोडाएवढी असते. वीर्यातला काही पातळ भाग ती तयार करते. वय वाढते तशी ती वाढते आणि मधली नळी आवळली जाते. साठीच्या आसपास निम्म्या पुरुषांत ही वाढ सापडते, ऐंशीनंतर बहुतेकांत. प्रत्येकाला त्रास होतोच असे नाही. ही साधी वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे आणि तिचे रूपांतरही कॅन्सरमध्ये होत नाही. मात्र दोन्ही एकाच वेळी असू शकतात, म्हणून तपासणी लागते.

मग ही वाढ होते कशाने? टेस्टोस्टेरॉन प्रोस्टेटमध्ये पोचले की तिथे त्याचे आणखी जोरकस अशा दुसऱ्या हार्मोनमध्ये रूपांतर होते. त्याला थोडक्यात डीएचटी म्हणतात. या डीएचटीच्या खतपाण्यावर प्रोस्टेट पोसते. म्हातारपणी रक्तातले टेस्टोस्टेरॉन कमी होत जाते, तरी ग्रंथीच्या आत डीएचटी तयार होतच राहते. ज्यांचे वृषण वयात येण्यापूर्वीच काढले गेले, अशा पुरुषांत प्रोस्टेट वाढत नाही. म्हणजे आबांचा समज नेमका उलटा होता! खरोखर खच्ची केले असते तर हा आजार झालाच नसता. आजार झाला, कारण शरीरातले पुरुषाचे हार्मोन शाबूत होते.

शास्त्रज्ञांनाही हे जनावरांवरूनच उमगले. चार्ल्स हगिन्स नावाचे डॉक्टर अमेरिकेत शिकागो येथे कुत्र्यांच्या प्रोस्टेटचा अभ्यास करीत होते. वृषण काढल्यावर कुत्र्याची वाढलेली प्रोस्टेट आकसते, हे त्यांनी पाहिले. १९४१ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की प्रोस्टेटचा पसरलेला कॅन्सरही पुरुष हार्मोन बंद केल्यावर मागे हटतो. या कामासाठी १९६६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आजही त्या कॅन्सरवर हार्मोन रोखण्याचा उपचार होतो, कधी ऑपरेशनने तर कधी इंजेक्शनने.

साध्या वाढीवरच्या गोळीची कथा तर एका गरीब मुलखातली आहे. डॉमिनिकन रिपब्लिक या देशातल्या काही खेड्यांत अशी मुले जन्माला येत, की ती जन्मतः मुलीसारखी दिसत आणि वयात येताना त्यांच्यात पुरुषाची लक्षणे येत. १९७४ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनचे डीएचटी होत नव्हते. आणि मोठेपणीही त्यांची प्रोस्टेट अगदी लहान राहत होती. मग डीएचटी रोखणारी गोळी शोधली गेली. तिचे नाव फिनास्टेराइड, आणि ती १९९२ पासून अमेरिकेत वापरात आली.

आबांना दोन गोळ्या लिहून दिल्या. पहिली टॅम्सुलोसिन. ती मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू सैल करते, गुण काही दिवसांतच येतो. या गोळीने उठताना चक्कर येऊ शकते, म्हणून रात्री सावकाश उठावे. दुसरी फिनास्टेराइड. ती ग्रंथी हळूहळू लहान करते, पुरता गुण यायला सहा महिनेही लागतात. महिनाभरात फरक नाही म्हणून ती सोडून देऊ नये. काहींची या गोळीने इच्छा कमी होते, तसे झाले तर न लाजता डॉक्टरांना सांगावे. पीएसए नावाची रक्ताची तपासणी करताना आपण ही गोळी घेत आहोत हे सांगावेच, कारण तिने पीएसएचा आकडा जवळजवळ निम्मा होतो आणि चूक समजूत होऊ शकते.

आया-बहिणींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. घरात सासऱ्यांना गोळ्या काढून देण्याचे काम बहुधा सुनेचे असते. सून गरोदर असेल, तर फुटलेल्या किंवा चुरा झालेल्या फिनास्टेराइडला तिने हात लावू नये. पोटात मुलगा असेल तर त्याच्या अवयवांच्या घडणीवर परिणाम होऊ शकतो. माझी भावजय तेव्हा पाच महिन्यांची होती. म्हणून आबांच्या गोळ्या आईने स्वतःच्या ताब्यात घेतल्या.

काही महिन्यांनी पुन्हा लघवी अडली, तेव्हा आबांचे दुर्बिणीचे ऑपरेशन झाले. लघवीच्या मार्गातूनच आत जाऊन अडवणारा भाग खरवडून काढतात, पोटावर टाका पडत नाही. खर्चाच्या भीतीने बसून राहू नका. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो. रेशनकार्ड घेऊन जा आणि आपला उपचार योजनेत बसतो का, हे त्याला विचारा.

आणखी थोडे. रात्री वारंवार उठावे लागते ते मधुमेहानेही, म्हणून साखर तपासून घ्या. पाणी तोडू नका, लघवी दाट होऊन जंतू आणि खडा यांचा त्रास वाढतो. दिवसा भरपूर प्या, संध्याकाळनंतर पाणी आणि चहा कमी करा. सर्दीच्या गोळ्या मनाने घेऊ नका, त्यांतल्या काहींनी लघवी अडते. रस्त्याकडेच्या तंबूतली ताकदीची औषधे तर मुळीच नकोत, त्यांत काय मिसळले आहे कोण जाणे. लघवीतून रक्त, थंडी वाजून ताप, कमरेच्या हाडात न थांबणारे दुखणे, वजन उतरणे, यांतले काही दिसले तर उद्यावर ढकलू नका. आणि लघवी पूर्ण बंद झाली तर रात्र असो की पहाट, ताबडतोब दवाखाना गाठा.

आबा आता रात्री एकदाच उठतात. एसटीने खरसुंडीला जाऊन येतात. सत्तरीतला त्यांचा एक मित्र असाच अंगणात येरझाऱ्या घालताना दिसला, तर त्याला हाक मारून म्हणाले, “पाप न्हाई ते, गाठ हाय. चल, मी येतो संगं.”

तेव्हा बंधूंनो, साठीच्या पुढच्या बापाला, चुलत्याला, सासऱ्याला आज एवढेच विचारा, “रात्री किती वेळा उठता?” ते उत्तर टाळतील. पुन्हा विचारा. आणि त्यांनी एखाद्या जुन्या ऑपरेशनावर, एखाद्या जुन्या चुकीवर खापर फोडले, तर त्यांना सांगा की हे वयाचे आणि हार्मोनचे दुखणे आहे, यात नामर्दपणा नाही की कमीपणाही नाही. १९७६ साली ज्यांच्यावर जबरदस्ती झाली, त्यांच्यावर अन्याय झाला हे खरेच आहे. पण त्या अन्यायाचा राग धरून आज दवाखान्याचे दार बंद करून घेतले, तर नुकसान पुन्हा आपल्याच माणसाचे होते.