लावणीनंतरचा ताप

आमच्याकडे जुलैत ताप आला म्हणून कोणी घाबरत नाही. दिवसभर चिखलात वाकून लावणी, वरून पावसाची झोड, म्हणजे अंग मोडून येणारच. आईने काढा दिला. पण माझ्या पोटऱ्यांना चादरीचा भारही सोसवेना आणि डोळे लालभडक झाले. पाणी नाही, घाण नाही, नुसते लाल. आरोग्यसेविकाताईंनी पोटरी दाबून पाहिली आणि भावाला म्हणाल्या, "गाडी काढ, रत्नागिरीला ने."

लेप्टो निघाला. उंदरांच्या, गुरांच्या लघवीतून हा जिवाणू शेतातल्या पाण्यात उतरतो आणि पायाच्या भेगेतून आपल्यात शिरतो. रुग्णालयात पोहोचेपर्यंत लघवी कमी झाली होती, प्लेटलेट उतरल्या होत्या, मूत्रपिंडं दमल्याचं सांगणारं क्रिएटिनिन चढलं होतं.

पेनिसिलिनचं पहिलं इंजेक्शन झालं आणि काही तासांत मी जास्तच बिघडलो. अशी हुडहुडी भरली की खाट खडखडत होती. दात आवळले तरी थांबेना. बीपी खाली आलं. बायको सिस्टरवर उखडली, "कसलं औषध दिलंत हो?" डॉक्टरांचं उत्तर ऐकून ती चक्रावली. औषध लागू पडलंय, म्हणाले. जिवाणू मरून त्यांचे तुकडे रक्तात आले की पांढऱ्या पेशी चवताळतात आणि सायटोकाइन नावाचे निरोपे सोडतात. सिफिलिसच्या रुग्णांत ही हुडहुडी यारिश आणि हेर्क्सहायमर या डॉक्टरांनी शंभर वर्षांपूर्वीच नोंदवून ठेवली होती.

या निरोप्यांत टीएनएफ आणि इंटरल्युकिन-६ हे म्होरके. ते मेंदूला ताप चढवायला लावतात, यकृताकडून सीआरपी नावाचं प्रथिन तयार करून घेतात, रक्तवाहिन्या सैल करतात. पायाला काटा रुतला तर भोवतीची जागा लाल होऊन सुजते ती यांच्यामुळेच, आणि तिथे ते हवंच असतं. तेच एकाच वेळी अंगभर झालं तर रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं, बीपी कोसळतं, मूत्रपिंडांना रक्त पुरत नाही. म्हणजे माझी मूत्रपिंडं एकट्या जिवाणूने दमवली नव्हती, माझ्याच फौजेचाही त्यात हात होता.

मेव्हणा कोविडमध्ये टोसिलिझुमॅबसाठी वणवण फिरलेला. त्याने लगेच विचारलं, "ते इंजेक्शन आणू का?" ते इंटरल्युकिन-६चा निरोप अडवतं. डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. पुढे बरा झाल्यावर मी वाचत गेलो तेव्हा कारण उमगलं. १९८५ मध्ये बॉयटलर आणि सेरामी यांनी टीएनएफला रोखून उंदरांना जिवाणूंच्या विषापासून वाचवलं, तेव्हा सेप्सिसवर, म्हणजे संसर्गातून उठणाऱ्या अशाच अंगभर भडक्यावर, औषध सापडलं असंच सगळ्यांना वाटलं. माणसांवरच्या चाचण्यांनी ती आशा धुळीला मिळवली. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत तर टीएनएफ रोखणाऱ्या औषधाचा जास्त डोस मिळालेले रुग्ण अधिक दगावले. जंतूंशी लढायला हे निरोपे लागतातच. संधिवातासाठी टीएनएफ रोखणारी औषधं सुरू करण्याआधी आजही क्षयाची तपासणी करतात, कारण हा निरोप्या गप्प बसला की दबलेला क्षय डोकं वर काढतो.

मला वाचवलं ते पेनिसिलिनने, सलाइनने आणि डोळ्यांत तेल घालून बीपी बघणाऱ्या सिस्टरनी.

लावणीच्या दिवसांत ताप आला, पोटऱ्या ठणकल्या, डोळे लाल झाले, तर काढ्यावर दिवस काढू नका. आणि डॉक्टरांसमोर बसल्यावर पहिलं वाक्य हेच बोला, की मी चिखलात उतरलो होतो.