शेऱ्याचा रकाना

सरकारी कारकुनाला जुन्या कागदाचा मोह नसतो, अशी आमची पुष्कळ वर्षे समजूत होती. हलवायाच्या पोराला जशी जिलबीची शिसारी येते, तशीच दिवसभर फायली उपसणाऱ्याला दप्तराची येते. म्हणूनच मुदत संपलेल्या कागदांच्या नाशाची यादी एके दिवशी आमच्यासमोर आली, तेव्हा तीवर सही करताना आमचा हात अडखळला नाही. नियमाप्रमाणे मुदत भरली होती, रुमालांना वाळवी लागली होती आणि कपाटात नव्या फायलींना जागा हवी होती. दोन वर्षांनी एक म्हातारी आपल्या मृत नवऱ्याच्या रोजंदारीच्या नोकरीचा दाखला मागत आली. ती नोंद कोणत्या गठ्ठ्यात होती हे आम्हांला ठाऊक होते आणि तो गठ्ठा कोठे गेला हेही. आम्ही तिला ‘नोंद आढळत नाही’ असे लेखी उत्तर दिले. त्या वाक्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती.

ही गोष्ट आम्ही विसरलो होतो असे म्हणवत नाही. पण तिची धार बोथट झाली होती. ती पुन्हा लागली कुंडमला.

जबलपूरहून शहापुऱ्याच्या वाटेने दिंडोरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे कुंडम हे तालुक्याचे गाव. भोवती गोंडांची वस्ती. हिरन नदी इथल्याच डोंगरांत उगम पावते आणि पुढे नर्मदेला मिळते. कचेरीच्या कामासाठी आम्ही तेथे गेलो होतो. काम दुपारीच आटोपले आणि परतीची बस संध्याकाळची. चहावाल्याशी बोलता बोलता निघाले की, जवळच्या एका टोल्यावर एक निवृत्त मास्टरसाब राहतात, तेथल्या लहानशा ख्रिस्ती मंडळीचे कामकाज पाहतात, आणि ‘सरकारी बाबू’ भेटल्यास त्यांना काही विचारायचे आहे. परमुलखात वेळ घालवण्याचे साधन म्हणूनच केवळ आम्ही निघालो.

मास्टरसाबांच्या ओसरीवर चौकटीत बसवलेले एक पदवीपत्र टांगलेले होते. शिक्षण जबलपूरच्या लेनर्ड धर्मविद्यालयात, पदवी मात्र श्रीरामपूरची. हे श्रीरामपूर अर्थात साखर कारखान्यांचे नव्हे. हुगळीच्या काठचे, बंगालमधले. ते नाव वाचून आम्ही जरा सावरून बसलो. मराठी माणसाला या गावाचे देणे आहे. बॅप्टिस्ट मिशनऱ्यांनी 1800 साली तेथे छापखाना घातला. विल्यम केरीने 1805 मध्ये मराठीचे व्याकरण आणि 1810 मध्ये मराठी-इंग्रजी कोश छापला. त्या कोशातील मराठी शब्द मोडी खिळ्यांनी जुळवलेले आहेत. या कामी फोर्ट विल्यम कॉलेजातील वैद्यनाथ पंडितांचे साहाय्य झाले, हे आज सांगता येते ते केरीने त्यांचे नाव लिहून ठेवले म्हणून. पुढे 1816 मध्ये त्याच छापखान्यात नागपूरकर भोसल्यांची वंशावळ मराठीत छापली गेली. त्या वर्षी जबलपूरचा हा मुलूख अजून त्याच भोसल्यांच्या अमलाखाली होता! म्हणजे ज्या भूमीवर आम्ही बसलो होतो, तिच्या धन्यांची मराठी वंशावळ शेकडो कोस दूरच्या गोऱ्या पाद्र्यांनी छापली होती. हे सारे आम्ही मास्टरसाबांना मोठ्या ऐटीने सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि खाटेखालची पत्र्याची पेटी ओढली.

पेटीत कडुनिंबाचा सुकलेला पाला होता आणि त्याखाली चार नोंदवह्या. बाप्तिस्मा, विवाह, दफन आणि मंडळीच्या सभांचा वृत्तान्त. दोन वह्यांचे पुठ्ठे वाळवीने खाल्ले होते. एका फाटक्या पानाला कोणीतरी प्रेमाने चिकटपट्टी लावली होती आणि तिच्याखालची शाई तपकिरी डागात नाहीशी होत चालली होती.

“बाबूजी, शहरवाले कहते हैं, अभिलेखागार में दे दो,” मास्टरसाब म्हणाले. “दे दूँ? पेंशन के लिए, उमर के लिए लोग मेरे पास आते हैं. कल किसके पास जाएँगे?”

आम्हांला त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्या आठवल्या. आमच्या पणजोबांची सही आम्ही पाहिली ती तेथेच. घरात त्यांचा कागदाचा कपटाही उरला नव्हता. पण उपाध्यायांनी लाल बासन सोडले आणि मोडीतले वळणदार नाव पुढे ठेवले. त्या वह्या कोणी उद्या मुंबईच्या एखाद्या थंडगार दालनात नेऊन ठेवल्या, तर त्या टिकतील खऱ्या. पण गोदावरीत स्नान करून ओलेत्याने आजोबांचे नाव विचारणारा कोठे जाईल? मास्टरसाबांचा प्रश्न नेमका हाच होता.

आणि तरी दुसरी बाजूही खोटी नव्हती. 11 मार्च 1812 रोजी श्रीरामपूरच्या छापखान्याला आग लागली. कागद, खिळे, हस्तलिखिते जळाली. वितळलेले शिसे पुन्हा ओतून नवे खिळे करता आले आणि काही महिन्यांत छपाई पुन्हा चालू झाली. परंतु केरीने जमवत आणलेल्या बहुभाषिक कोशाचे हस्तलिखित गेले ते गेलेच. हस्तलिखिताला साचा नसतो. शिवाय कोणाचे कागद टिकतात हेही पाहण्यासारखे आहे. 1792 साली स्थापन झालेल्या बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटीची दप्तरे आज ऑक्सफर्डच्या अँगस ग्रंथालयात सुरक्षित आहेत. श्रीरामपूरला केरीच्या नावाचे ग्रंथालय आहे. 28 डिसेंबर 1800 रोजी हुगळीत बाप्तिस्मा घेतलेला कृष्ण पाल सुतार होता, हे आपणांस कळते ते मिशनऱ्यांनी लिहिले आणि पुढच्यांनी जपले म्हणून. कुंडमच्या टोल्यावरची सुतारीण मात्र कोणत्याही ऑक्सफर्डला कळवलेली नसते. ती असते फक्त पेटीतल्या वहीत.

आम्ही पाने उलटू लागलो. दफनाच्या वहीत नाव, वय, गाव, पाळकाची सही आणि शेरा असे रकाने होते. एका ओळीत नावाच्या जागी केवळ ‘लड़की’ लिहिले होते, वय ‘तीन दिन’. शेऱ्याच्या रकान्यात पेन्सिलीने लिहिले होते : ‘माँ ने नाम सोचा था.’ मनात असलेले ते नाव लिहिणाऱ्याला कोणी सांगितले नव्हते, की त्यानेच लिहिले नव्हते, कोण जाणे. आम्ही वही मिटली. आम्ही सही केलेल्या त्या यादीतील गठ्ठ्यांनाही शेऱ्याचे रकाने असतील.

मग कारकुनी कामाला आली. प्रथम प्रत्येक वहीची यादी करावी. कोणत्या साली सुरू, कोणत्या साली बंद, किती पाने, कोणती फाटकी. वह्या ज्या क्रमाने ठेवल्या होत्या तो क्रम मोडू नये, कारण क्रम हाही पुरावाच असतो. नवी चिकटपट्टी लावू नये आणि जुनी ओढून काढू नये. प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यावे, त्याची छापील प्रत मंडळीपाशी राहावी आणि मूळ वही पावती घेऊन अभिलेखागारात जावी. नोंद मागणाऱ्याला उतारा मिळेल, ही अट पावतीवरच लिहून घ्यावी. हे सांगताना आमच्या लक्षात आले की, आमच्या कचेरीत आम्ही यांतले काहीच केले नव्हते. तेथे फक्त यादी होती, आणि ती नाशाची.

त्यानंतरचे तीन रविवार आम्ही कुंडमला गेलो. मास्टरसाब वाचीत, आम्ही लिहीत. गोंडी नावे लिहिताना आमची जीभ अडखळे आणि ते हसून दुरुस्त करीत. तिसऱ्या रविवारी यादी पुरी झाली. तीन वह्या स्वच्छ सुती कापडात बांधून झाल्या. चौथी, दफनाची, मास्टरसाबांनी परत पेटीत ठेवली.

“यह अभी नहीं,” ते म्हणाले. “इसमें पन्ने बाकी हैं.”

त्यांचे म्हणणे अगदी नियमाला धरून होते. चालू वही अभिलेखागारात जात नाही. आम्ही यादीत तिच्यासमोर ‘चालू’ असे लिहिले, खाली दोघांनी सह्या केल्या आणि बसची वेळ झाली म्हणून उठलो.

जबलपूरला परतल्यावर आम्ही त्या म्हातारीचा पत्ता शोधला. तिचा अर्ज कचेरीत अजून होता. त्याची मुदत संपायची होती. नोंद नसेल, पण आपल्या नवऱ्याबरोबर काम केलेल्या दोघांची नावे तिने अर्जातच दिली होती. आम्ही ती त्या वेळी वाचलीच नव्हती. त्यांचे जबाब घेता येतील काय, अशी टिप्पणी लिहून आम्ही फाइल वर पाठवली आहे. उत्तर अजून आलेले नाही.