कॅस्ट्रीजचा एक दिवस

सेंट लुशिया बेटावर आमचे जहाज सकाळी आठला लागणार आणि संध्याकाळी पाचला सुटणार. अर्धा तास आधी परतायचे, म्हणजे हाती जेमतेम साडेआठ तास. जहाजावरची सहल दक्षिणेच्या पितों शिखरांकडे नेते. २००४ पासून जागतिक वारसा ठरलेली ती जोडशिखरे समुद्रालगत उभी आहेत, आणि ती पाहावीत असे कुणालाही वाटेल. पण वळणावळणाच्या रस्त्यात दिवसाचा मोठा वाटा जातो.

साहित्याच्या शिक्षकाला कॅस्ट्रीज ओलांडून जाणे अवघड आहे. डेरेक वॉलकॉट इथलेच. १९९२ साली त्यांना नोबेल मिळाले आणि पुढल्याच वर्षी कोलंबस चौकाला त्यांचे नाव दिले गेले. खलाशाचे नाव जाऊन कवीचे आले! शेजारच्या कॅथेड्रलमध्ये त्यांचे मित्र डन्स्टन सेंट ओमेर यांनी रंगवलेले कृष्णवर्णी संत आहेत.

प्रश्न वेगळाच आहे. पर्यटनाच्या पत्रकांतून दिसणाऱ्या बेटांविषयी वॉलकॉट आपल्या नोबेल व्याख्यानात कठोरपणे बोलले होते. त्यांची कविता वाचली म्हणून बंदरावर उतरणारा मी त्या पत्रकांच्या गिऱ्हाइकाहून निराळा ठरतो काय? मला तशी खात्री देता येत नाही.

म्हणून बेत साधा ठेवला आहे. सकाळी चौक आणि कॅथेड्रल; दुपारी मोर्न फॉर्च्युन टेकडी, जिथे २०१७ मध्ये त्यांचे दफन झाले. तिथून बंदर दिसते. आपले जहाज बेटाला कसे दिसत असेल, एवढे तरी तिथे उभे राहून पाहता येईल.