गाडीच्या पोटाखालची हवा

मोटार विकत घ्यायला आलेला माणूस आधी रंग पाहतो. मग दार उघडून आपटतो, आवाज ऐकतो, सीटवर बसतो, टेप लावतो. हौशी असेल तर बॉनेट उघडायला सांगतो. पण खाली वाकून तिचे पोट कोणी पाहत नाही. ते पाहायचे मिस्त्रीने, पाठीवर निजून, डोळ्यांत माती पडत असताना. गाडीचा हा तळ आमच्या खानदानाने तीन पिढ्या पाहिला आहे. तिथले गंजलेले नट, फाटलेले रबरी बूट, चेंबरमधून टिपकणारे ऑइल यांच्यावर आमचे घर चालले. मात्र तिथून हवाही वाहते आणि त्या हवेचाही हिशेब मांडता येतो, हे आमच्या घरात भाच्यामुळे आले.

आम्ही दोघे भाऊ कोल्हापुरात उद्यमनगराच्या बाजूला गॅरेज चालवतो. अब्बा मूळचे पत्र्याचे मिस्त्री. चेपलेले मडगार्ड हातोडीने असे उठवायचे की हात फिरवला तरी जागा सापडू नये. आता वयाने पान्हा सुटला आहे, पण खुर्ची टाकून गॅरेजच्या दारात बसतात आणि नजर सगळीकडे असते. भाचा आमच्या आपाचा एकुलता एक. पॉलिटेक्निकला यंत्र अभियांत्रिकी शिकतो. क्लासेस घेऊन साठवलेल्या पैशांत त्याने जुनी स्विफ्ट घेतली आणि चार महिन्यांत तिचे रूप पालटले. मागे भलामोठा स्पॉयलर, कापून ठेंगण्या केलेल्या स्प्रिंगा, रुंद टायर आणि गल्लीतल्या म्हाताऱ्यांची दुपारची झोप उडवणारा सायलेन्सर.

आमच्या मोहल्ल्यातल्या दोन घरांत अशाच सजवलेल्या गाड्यांनी मातम आणला आहे. दोन्ही पोरे पंचविशीच्या आतली होती आणि दोघेही आमच्याकडे हवा भरायला यायचे. त्यामुळे एका संध्याकाळी आपा गॅरेजवर आली तेव्हा तिला फारसे बोलावे लागले नाही. "गाडी वो छोडता नै," ती म्हणाली. "बनानाच है तो तुमारे आँखों के सामने बनने दो." भाचा म्हणजे बहिणीची अमानत. तिला नाही म्हणायची हिंमत आमच्यात नव्हती, आणि पोराला नुसते नको म्हणून तो थांबणार नाही हेही आम्ही जाणून होतो.

म्हणून आम्ही तीन अटी घातल्या. मूळ स्प्रिंगा आणि मूळ सायलेन्सर परत बसवायचा. वेग काढायचा तो ट्रॅकवर, रस्त्यावर नाही. आणि गाडीत जो बदल करायचा त्याचा फायदा घड्याळ लावून दाखवायचा. दाखवता आला नाही तर तो बदल उतरवायचा. तिसरी अट अब्बांची. ती ऐकून भाचा हसला, कारण ती त्याला सगळ्यांत सोपी वाटली.

हवेचा हिशेब साधा आहे, पण निर्दय आहे. वेग दुप्पट झाला की हवेचा अडथळा चौपट होतो, आणि तो अडथळा कापायला लागणारी ताकद आठपट. छोट्या हॅचबॅकसाठी ढोबळ आकडे धरा: समोरून दिसणारे क्षेत्रफळ दोन चौरस मीटरच्या थोडे वर आणि अडथळ्याचा गुणांक ०.३५. ताशी ५० किलोमीटरला हवा तिला साधारण नऊ किलो वजनाच्या जोराने मागे रेटते. ताशी १०० ला हाच जोर ३५ किलोंवर जातो. पहिल्या वेळी हवेसाठी दीडेक अश्वशक्ती खर्च होते, दुसऱ्या वेळी जवळजवळ तेरा. म्हणजे गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीला या विद्येचा काडीचा उपयोग नाही. तिची गरज महामार्गावर आणि ट्रॅकवर.

गाडीचे वरचे अंग कारखान्याने घासूनपुसून गुळगुळीत केलेले असते. तळ तसा नसतो. पुढे रेडिएटरखालची पोकळी, मग इंजिनचे चेंबर, लोअर आर्म, मधून जाणारी सायलेन्सरची नळी, पेट्रोलची टाकी, मागचा आडवा अॅक्सल, स्टेपनीचा खड्डा आणि सगळ्यात शेवटी मागच्या बंपरची पोकळ पाठ. हवा या प्रत्येक वस्तूवर आपटते, घुटमळते, गोल फिरते. बंपरची पोकळी तर पॅराशूटसारखी हवा धरून ठेवते. याउलट तळ सपाट असेल तर रस्ता आणि गाडी यांच्यातल्या अरुंद जागेतून हवा वेगाने सरकते. पंचगंगेचे पाणी पुलाच्या कमानींतून जाताना कसे घाई करते, ते आपण पाहिलेले आहे. हवेचा वेग वाढला की तिचा दाब उतरतो. दाब गाडीच्या वर जास्त आणि खाली कमी राहिला तर गाडी रस्त्याकडे ओढली जाते. उलटे झाले तर वेगात ती हलकी होते, आणि हलकी झालेली गाडी वळणावर चालवणाऱ्याचे ऐकत नाही.

शर्यतीच्या दुनियेने हे फार पूर्वी ताडले होते. अमेरिकेत १९७० साली जिम हॉल यांच्या चॅपरल २जे या गाडीच्या मागे दोन पंखे होते. वेगळ्या छोट्या इंजिनावर चालून ते तळाखालची हवा उपसून काढत. पुढे इंग्लंडात लोटस कंपनीच्या मंडळींनी पंख्याशिवाय, तळाच्या आकारानेच हे साधले. त्यांची हकिकत भाच्याने आम्हांला वाचून दाखवली. हवेच्या बोगद्यात गाडीचे छोटे मॉडेल तपासत असताना त्याच्या बाजूचे भाग वेगात खाली झुकत आणि आकडे बदलत. जमिनीशी असलेली फट कमी झाली की ओढ वाढते, हे त्यावरून लक्षात आले. मग त्यांनी बाजूंना पुठ्ठ्याच्या पट्ट्या चिकटवून फट बंद केली. अब्बांनी तेवढी गोष्ट पुन्हा वाचायला लावली. पत्रा कापण्याआधी पुठ्ठ्याचा नमुना कापायचा, ही त्यांची जन्माची सवय. "म्हणजे तिकडेही पुठ्ठाच," एवढेच ते म्हणाले. त्या संशोधनातून निघालेल्या लोटस ७९ वर मारिओ आंद्रेत्ती १९७८ चे जगज्जेते झाले. त्याच वर्षी ब्रॅबहॅमची पंख्याची गाडी स्वीडनची शर्यत जिंकून माघारी घेतली गेली. वळणावरचे वेग भयंकर वाढले, तेव्हा १९८३ पासून फॉर्म्युला वनमध्ये चाकांच्या मधला तळ सपाटच असावा असा नियम झाला. ही विद्या २०२२ च्या नियमांनी तिथे पुन्हा आणली.

आमच्याकडे ना बोगदा होता ना पैसा. इचलकरंजीच्या मागावरचे सूत मात्र होते. सुताचे बोटभर तुकडे करून आम्ही तळावर ओळीने टेपने चिकटवले आणि मोबाइलचा कॅमेरा खाली तोंड करून बांधला. हवा सरळ वाहते तिथे धागा मागे ताठ राहतो. ती फुटते, भोवरा घेते, तिथे धागा वेड्यासारखा फडफडतो, कधी उलटा वळून पुढे बोट दाखवतो. मागच्या बंपरच्या आत एकही धागा शहाणा नव्हता. अब्बांना मात्र व्हिडिओची गरज पडली नाही. पावसाळ्यानंतर तळावर सुकलेल्या चिखलाच्या रेघांवर टॉर्च मारून त्यांनी तीच जागा आधीच दाखवली होती.

भाच्याचे मन डिफ्यूझरवर बसले होते. मागे वर चढत जाणारा, उभ्या पट्ट्यांचा, शर्यतीच्या गाडीला असतो तसा. डिफ्यूझरचे काम खालून वेगाने आलेल्या हवेला हळूहळू जागा करून देण्याचे. हळूहळू हा शब्द महत्त्वाचा. त्याने केलेला पहिला नमुना दिसायला झोकदार होता, पण चढ इतका तीव्र की धागे मध्येच सुटून फडफडू लागले. हवेने पत्र्याची साथ सोडली होती. आम्ही काही बोललो नाही. त्यानेच चढ सात-आठ अंशांवर आणला, तेव्हा धागे शांत झाले. दिसायला मात्र तो आता नुसता तिरपा पत्रा राहिला.

पुढच्या बंपरखाली आम्ही ट्रकच्या मडफ्लॅपच्या रबराची पट्टी लावली, म्हणजे खाली शिरणारी हवाच कमी व्हावी. लोखंडी पट्टी आमच्या भागात टिकत नाही. साखर कारखान्यांच्या हंगामात ट्रॉल्यांवरून पडलेले ऊस रस्त्यात आडवे असतात आणि स्पीडब्रेकरची उंची बांधणाऱ्याच्या मर्जीवर. रबर वाकते आणि परत उभे राहते. इंजिनखाली पातळ अॅल्युमिनियमचा पत्रा बसवला, पण रेडिएटरमधून आलेली गरम हवा निघून जायला मागे वाट ठेवली. जाहिरातींच्या बोर्डांची एसीपी शीट स्वस्त आणि हलकी असते, म्हणून मधल्या भागासाठी भाचा ती घेऊन आला. अब्बांनी तिच्या तुकड्याचा कोपरा लायटरने पेटवून दाखवला. दोन पातळ पत्र्यांच्या मधले प्लॅस्टिक वितळून टपकू लागले. सायलेन्सरच्या नळीशेजारी अशी वस्तू म्हणजे घरात आग बांधून ठेवणे. नळीचा सगळा पट्टा आम्ही उघडा ठेवला आणि दोन्ही बाजूंना फक्त अॅल्युमिनियम वापरले. पाणी साचू नये म्हणून खाली भोके पाडली. बंपरची पोकळी खालून झाकून टाकली.

मग घड्याळ. एका नव्या वसाहतीचा सव्वा किलोमीटरचा सरळ रस्ता, अजून रहदारीला न उघडलेला, आम्ही परवानगी काढून वापरला. फज्रनंतर हवा पडलेली असते, तेव्हाच जायचे. टायरमध्ये हवा तेवढीच, टाकीत पेट्रोल तेवढेच, माणसे तीच दोन. ताशी ८० च्या वर जाऊन गाडी न्यूट्रल करायची आणि ८० वरून ६० वर यायला किती सेकंद लागतात ते मोजायचे. जाताना चार वेळा, येताना चार वेळा, म्हणजे रस्त्याचा चढउतार आणि वाऱ्याची झुळूक आपसात फिटते. काहीही न लावता सरासरी एकवीस सेकंद आली. सगळे पत्रे लावल्यावर बावीस.

एक सेकंद! तीन महिन्यांच्या रविवारांची कमाई. भाच्याचा चेहरा पडला. पण कागद त्यानेच काढला. या वेगाला गाडी अडवणाऱ्या जोरात टायरचाही मोठा वाटा असतो आणि पत्र्यांनी तो बदलत नाही. तो वजा केला तर नुसत्या हवेचा अडथळा आठेक टक्क्यांनी उतरला होता. मग एक-एक पत्रा काढून पुन्हा मोजले. सगळ्यांत जास्त फरक बंपर झाकल्याचा होता, म्हणजे जी वस्तू जन्मात कोणाला दिसणार नाही तिचा. वरचा भलामोठा स्पॉयलर काढून पाहिला, तर आकडा बिघडण्याऐवजी किंचित सुधारला. स्पॉयलर त्या दिवशी गॅरेजच्या माळ्यावर गेला. तो ठेवायला आम्ही सांगितले नव्हते.

गाडी रस्त्याला किती चिकटते हे आमच्या घड्याळाने कळत नाही. त्याला चाकांवरचा भार मोजावा लागतो आणि ते साधन आमच्याकडे नाही. म्हणून तळ सपाट केल्याने गाडी सुरक्षित झाली असे आम्ही कोणालाही सांगत नाही. भाच्याला तर नाहीच. आता पोरे गॅरेजवर येतात, तशीच गाडी करून द्या म्हणतात. आम्ही आधी ब्रेक पाहतो, टायर पाहतो, बॉल जॉइंट हलवून पाहतो, आणि बहुतेकांचे काम तिथेच निघते. कायदाही समजावतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही ते बजावले आहे. आमचे पत्रे ट्रॅकवर जाताना लागतात आणि परत आल्यावर उतरतात.

विजेच्या गाड्या आल्या तशी या तळाची गोष्टच बदलत चालली आहे. बऱ्याच गाड्यांत बॅटरीचा चपटा पेटारा खाली असतो आणि तळ कारखान्यातूनच सपाट येतो. ना सायलेन्सर, ना चेंबर, ना टिपकणारे ऑइल. मग आमच्यासारख्यांनी पाठीवर निजून पाहायचे तरी काय? भाचा म्हणतो, पाहायचे राहीलच, फक्त पान्ह्याबरोबर मीटर हातात लागेल. अभ्यास संपल्यावर तो गॅरेजवर येणार की पुण्याच्या एखाद्या कंपनीत जाणार, हे आम्ही त्याला विचारलेले नाही. आपाने मात्र रात्री दारात उभे राहून गाडीच्या आवाजाची वाट पाहणे सोडले आहे.

पत्र्यांचे शेवटचे काम अब्बांनी करून घेतले. सगळे पत्रे पाव फेरीत सुटणाऱ्या स्क्रूंवर बसवले, कारण उद्या गाडी वाटेत बंद पडली तर तिच्याखाली कोणीतरी अनोळखी मिस्त्री निजणार, आणि हे लोढणे कसे काढायचे ते त्या बिचाऱ्याला कळले पाहिजे. प्रत्येक पत्र्यावर भाच्याने तेलरंगाने आकडे घातले आहेत: आधी एक, मग दोन, मग तीन. निजलेल्या माणसाला वाचता यावेत म्हणून ते उलट्या बाजूने लिहिले आहेत.