आई नाक्यावर उभी

२०२३ साली मिशेल योला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं, तेव्हा मर्ल ओबेरॉन हे नाव मी पहिल्यांदा नीट वाचलं. या गटात आशियाई वंशाच्या अभिनेत्रीला याआधी एकदाच नामांकन मिळालं होतं, १९३५ च्या 'द डार्क एंजल'साठी, मर्लला. फक्त ती आशियाई आहे हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं.

मर्लचा जन्म १९११ चा, आपल्या मुंबईतला. वाढली कलकत्त्यात. विशीच्या आत इंग्लंडला गेली. अलेक्झांडर कोर्डाने तिला १९३३ मध्ये हेन्री आठव्यावरच्या चित्रपटात ॲन बोलिन केलं, पुढे लग्नही केलं. 'वुदरिंग हाइट्स'मधली लॉरेन्स ऑलिव्हिएची कॅथी तीच. जगाला सांगितलेला जन्म मात्र टास्मानियातला! हॉलिवूडच्या आचारसंहितेत तेव्हा वंशांची सरमिसळ पडद्यावर दाखवायलाच बंदी होती. खरं सांगितलं असतं तर नायिकेची कामं मिळाली नसती, हे तिला कळत होतं.

तिला वाढवणारी शार्लट श्रीलंकेची, सावळी. ती लंडनला मर्लजवळच राहायची. घरी कुणी आलं की ती मोलकरीण व्हायची. १९३७ मध्ये ती वारली. नंतर मर्लने तिचं चित्र काढून घेतलं, त्यात तिचा रंग उजळ. शार्लट मुळात तिची आजी होती आणि बहीण म्हणवली जाणारी कॉन्स्टन्स हीच जन्मदाती, हे तर मर्ल १९७९ मध्ये गेल्यानंतर बाहेर आलं.

हे वाचून मी मर्लला नावं ठेवणार होतो. पण पुण्यातली खोली आठवली.

माझं नाव समीर. हे नाव दोन्हीकडे चालतं. घरमालकाने आडनाव विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आधी तीन ठिकाणी नकार ऐकला होता. महिन्याभराने अम्मी डबा घेऊन आली. डोक्यावर ओढणी, तोंडात दखनी. मी फोनवर म्हणालो, "अम्मी, तू नाक्यावरच थांब, मी येतो." गल्ली अरुंद आहे, असं काहीतरी कारण दिलं. तिने डबा दिला, जेवतोस ना विचारलं, परतीच्या एसटीची वेळ पाहिली.

पुढच्या खेपेला मी काही सांगितलं नव्हतं. ती नाक्यावरूनच फोन करत होती.